उसनं माप

बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तेहेतीस वर्षं कासाराच्या घरात काढल्यावर ते माझ्या जिभेला वळण पडलंय. पण त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या दुकानात चार बांगड्या एकापाठोपाठ एक फुटल्या, आणि मला दुसरा शब्द सुचला नाही.

वैरागहून एक नवरी मुलगी चुडा भरायला आली होती, शेजारी तिची आई. आमचे हे, म्हणजे नागनाथ डहाळे, तिचा पंजा दाबून बांगड्या चढवत होते. बार्शीत ह्यांच्यासारखा हात नाही, हे मी बायको म्हणून सांगत नाही, दुकानापुढची रांग सांगते. गिऱ्हाइकानं सांगितलेलं माप हे कधीच ऐकत नाहीत. बायका माप चोरून सांगतात. अडीचवाली हमखास सव्वादोन म्हणते. हे अंगठ्याच्या बुडाशी एकदा दाबून बघतात आणि मुकाट्यानं बरोबर तो खोका उघडतात. हल्लीच्या मुली मोबाइलनं हाताचा फोटो काढून घरबसल्या बांगड्या मागवायला लागल्या, तरी लग्नाच्या चुड्याला लोक अजून इथंच येतात.

पहिल्या बांगडीला मुलगी "आई गं" म्हणाली. चौथीला रक्त आलं. मी गल्ल्यावरून मान वर केली, तर ह्यांचा उजवा हात तिच्या मनगटावर नुसता पडलेला.

"अहो, लक्ष कुठाय?"

हे माझ्याकडे वळले. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. म्हणाले, "ते... दोरी. दोरी आण."

"कसली दोरी?"

"दोरी," हे पुन्हा म्हणाले आणि स्वतःच घाबरले. आपण म्हणतोय एक आणि तोंडातून येतंय भलतंच, हे त्यांना कळत होतं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या मुलीच्या आईनं मला विचारलंही नाही, सरळ दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी नऊ मिनिटांत आली. हल्ली गाडीतच डोक्याचा फोटो निघतो, त्यामुळं आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत तिथं सगळं कळलेलं होतं. दारातच डॉक्टर रुक्साना मुजावर उभ्या होत्या. पस्तिशीची पोर, पण चालणं असं की समोरचा आपोआप बाजूला होतो. तिच्या आईची मी जुनी ओळखीची, पण तेव्हा ओळखपाळख काढायला वेळ कुणाला होता!

"मावशी, नीट ऐका. काकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. बोलणं आणि उजवा हात त्या बाजूनं चालतो. दर मिनिटाला वीसेक लाख पेशी मरतायत. आपण मांडीच्या रक्तवाहिनीतून एक नळी वर डोक्यापर्यंत नेणार, आणि गुठळी ओढून काढणार."

"निघते ती?"

"निघते. बहुतेक वेळा निघते. पण पहिल्या झटक्यात निघाली तर माणूस बोलत घरी जातो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निघाली तर... बघू. पहिल्यातच काढू."

सहीसाठी तिनं यंत्राची काचेची पाटी पुढं केली. मी अंगठा टेकवता टेकवता ती म्हणाली, "एक बरंय, काकांचा नकाशा आहे आपल्याकडं. सहा वर्षांपूर्वीच्या शिबिरातला. मापात वेळ जाणार नाही."

माझा अंगठा पाटीवर तसाच राहिला.

नकाशाचं सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी सरकारनं ठरवलं, की पन्नाशीपुढच्या प्रत्येकाच्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचा नकाशा काढून ठेवायचा. कारण असं, की गुठळी बसली की तिच्या पुढची वाहिनी रक्ताविना पडून राहते. पाणी बंद केलेल्या कापडी पाइपासारखी चपटी. तिचं खरं माप तेव्हा घेता येत नाही. आणि माप तर हवंच, कारण नळ्या वेगवेगळ्या तोंडाच्या येतात. तोंड लहान पडलं तर नळी गुठळी कुरतडते, आणि तुकडे आणखी आत जाऊन बसतात. तोंड मोठं असलं तर गुठळी एका दमात गिळते. पण वाहिनीपेक्षा फार मोठं झालं तर भिंत खरवडते, वाहिनी आकसते, प्रसंगी फुटतेही. तेव्हा नकाशा आधीच काढून ठेवायचा, आणि वेळ आली की यंत्रानं तो बघून नळी निवडायची. त्या यंत्राला दवाखान्यातले लोक मापाडी म्हणतात, बाजार समितीतल्यासारखं. मापाडी सांगेल तेवढाच कप्पा उघडतो, बाकीचे कुलूपबंद. पूर्वी डॉक्टर आपापल्या अंदाजानं नळी घ्यायचे आणि त्यात माणसं दगावायची, म्हणून हा कडक नियम. नियम चांगलाच होता. वाईट आम्ही होतो.

नकाशा काढायला यंत्राच्या बोगद्यात वीस मिनिटं निपचित पडावं लागतं. हे लहानपणी आजोळी धान्याच्या पेवात, जमिनीखालच्या खोल कोठारात, पडले होते, अर्धा दिवस आत होते. तेव्हापासून ह्यांना लिफ्टसुद्धा चालत नाही. शिबिराच्या आदल्या दिवशी हे जेवले नाहीत. "वैजू, मला त्या बोगद्यात घालू नगंस. मी मरंन," म्हणाले. सहा फुटी माणूस, डोळ्यांत पाणी. आणि नकाशा नसला तर दवाखान्याचं कार्ड बंद.

धाकटे दीर शशिकांत तेव्हा पुण्याहून आले होते. त्यांचं कार्ड नोकरीच्या खात्याचं, त्याला नकाशाची अट नव्हती. दोघा भावांचा चेहरा एका साच्यातला. फक्त हे आडवे, भाऊजी किडकिडीत. भाऊजी म्हणाले, "दादा, एवढंच ना? आण तुझं कार्ड." आणि ह्यांचा सदरा घालून गेले. शिबिरातल्या पोरानं कॅमेऱ्यात चेहरा बघितला, जुळला, पुढं ढकललं. संध्याकाळी आम्ही तिघांनी भजी खाल्ली आणि सरकारला कसं फसवलं म्हणून पोट धरून हसलो.

म्हणजे मापाडीकडं होता तो नकाशा नागनाथ डहाळ्यांचा नव्हताच.

आता तुम्ही म्हणाल, मग तिथल्या तिथं बोलायचं की. मीही तेच म्हणते, रोज म्हणते. पण मी गप्प बसले. खोटी ओळख दिली म्हणून कार्ड रद्द होईल, उपचार थांबवतील, दोघांवर खटला होईल, असलं काहीबाही डोक्यात आलं. आणि मनाची समजूतही काढली: सख्खे भाऊ, एका आईच्या पोटचे, डोक्यातल्या नसा अशा कितीशा वेगळ्या असणार? जन्मभर बायकांचे हात बघितलेली मी. सख्ख्या बहिणींची मापं दोन-दोन खोक्यांनी वेगळी असतात, हे रोज बघते. तरी स्वतःला असं सांगितलं.

दार बंद झालं. मी बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मी मनातल्या मनात वीस लाख, चाळीस लाख असं करत होते.

चौदा मिनिटांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. मास्क हनुवटीखाली, कपाळाला आठ्या.

"निघाली?"

"नाही. नळीनं थोडी कुरतडली, मूळ गुठळी तिथंच आहे." ती माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, कळेना. "काहीतरी जमत नाहीये. मापाडीनं अडीच मिलिमीटर तोंडाची नळी दिली. नकाशात डावी वाहिनी बारीक आहे, एका जागी तर चिंचोळी. पण मला नळी आत जाताना सैल वाटली. उजवी बाजू बघितली तर ती चांगली पावणेचारची आहे. काही माणसांच्या दोन बाजू वेगळ्या असतात, म्हणून मापाडी नकाशाच खरा धरतो. पुन्हा अडीचचाच कप्पा उघडलाय. मावशी, काकांना आधी कधी..."

"तो नकाशा ह्यांचा नाही," मी म्हणाले.

"काय?"

"शशीभाऊजींचा आहे. ह्यांच्या धाकट्या भावाचा. हे भ्याले, म्हणून ते झोपले बोगद्यात. मला मगाशीच बोलायचं होतं, डॉक्टरबाई. मी बोलले नाही. मला काय शिक्षा करायची ती करा, पण ह्यांना सोडवा."

तिनं माझ्याकडं जे बघितलं, त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. पण रागवायलाही वेळ लागतो, आणि तिनं तो घालवला नाही.

"नोंद रद्द करावी लागेल, तरच मापाडी नकाशा सोडेल. त्याला दोन माणसांचं म्हणणं लागतं. एक तुमचं. आणि एक, जो खरोखर झोपला होता त्याचं. कॅमेऱ्यासमोर. कुठं आहेत तुमचे दीर?"

"पुण्यात."

"लावा फोन."

इथं आमच्या घरातली दुसरी गुठळी सांगणं भाग आहे. दोन वर्षं झाली, दोघा भावांत बोलणं नव्हतं. कारण ऐकून तुम्ही हसाल. भाऊजींच्या केतकीचं लग्न ठरलं. कासाराची पोर, सख्खा काका असा हाताचा पक्का. पण तिनं मोबाइलवर हाताचा फोटो देऊन चुडा मागवला, आणि भाऊजींनी चालवून घेतलं. हे इथून चुड्याचे सहा खोके घेऊन मांडवात पोचले, तर पोरीचे हात आधीच भरलेले. ह्यांनी खोके बाजूला ठेवले, अक्षता टाकल्या आणि न जेवता बार्शीला परत आले. भाऊजींना ते लागलं, म्हणाले, भर मांडवात दादानं माझी शोभा केली. तेव्हापासून दिवाळीला नाही, आजारपणाला नाही, फोन नाही.

मी फोन लावला. वाजला, आणि कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट. तिसऱ्या वेळेला उचलला.

"वहिनी, मी कामात आहे. आणि दादाचा निरोप असेल तर त्याला म्हणावं, त्याला तोंड आहे..."

"त्यांना तोंड नाही, भाऊजी. त्यांचं तोंड गेलंय."

मी दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टरबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला, चित्र चालू केलं. भाऊजी कचेरीत टेबलापाशी होते, केस पार पांढरे झालेले. पाटीतून मापाडी बायकी आवाजात म्हणाला, की दुसऱ्याच्या नावानं तपासणी करून घेणं हा गुन्हा आहे, आपलं म्हणणं नोंदवलं जात आहे, ते आपल्याविरुद्ध वापरता येईल.

मी माझं म्हणणं सांगितलं. आता पाळी भाऊजींची, आणि भाऊजी सरकारी नोकर. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांच्या मागच्या टेबलावरची माणसं माना वळवून बघायला लागली. एक क्षण त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

"लिहून घ्या," भाऊजी मोठ्यांदा म्हणाले, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं. "मी शशिकांत गंगाधर डहाळे. माझ्या भावाच्या कार्डावर मी झोपलो होतो. तो नकाशा माझ्या डोक्याचा आहे. माझ्या भावाचा नाही. झालं? आता त्याला नीट माप लावा."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फुटला. मापाडीला त्याचं काही नव्हतं. पाटीवर लाल रेघ आली, नकाशा पुसला गेला, आकडे भराभर बदलले. उजव्या बाजूवरून हिशेब लावून त्यानं साडेतीनचं तोंड सांगितलं. आतून खट्ट असा कप्पा उघडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. फोन माझ्या हातात देऊन डॉक्टरबाई पळाल्या.

त्यानंतरची अकरा मिनिटं मी कशी काढली ते देवाला माहीत. मी त्याला नवससुद्धा बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? फोन तसाच हातात होता, पलीकडं भाऊजी तसेच बसलेले.

दार उघडलं. डॉक्टरबाईंच्या हातात काचेची बशी होती. तिच्यात काळपट लाल असं काहीतरी, दोन तांदळाचे दाणे जोडून ठेवावेत एवढं.

"एका दमात," ती म्हणाली. "अख्खी. मगाशी सुटलेला तुकडा बारीक होता, तोही फारसा पुढं गेला नाही. रक्त वाहायला लागलं, मावशी. सगळीकडं."

मी खाली फरशीवर बसले आणि मोठमोठ्यांदा रडले. एवढ्याशा दाण्यानं सहा फुटी माणूस आडवा केला होता. फोनमधून भाऊजी "काय झालं? वहिनी, काय झालं?" म्हणून ओरडत होते, त्यांना सांगायचं भानच राहिलं नाही. शेवटी डॉक्टरबाईंनीच सांगितलं.

दुपारी ह्यांनी उजव्या हाताची बोटं हलवली. तीनच्या सुमाराला माझं बोट धरून दाबलं, ओळखलं म्हणून. चारला "पाणी" म्हणाले, आणि पाणीच हवं होतं! दोरी नाही, दुसरं काही नाही, पाणी मागितलं आणि प्यायले. मी त्या पेल्याला हात जोडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, शब्द एकेक करून येतील, घाई नको, अख्खी वाक्यं यायला काही दिवस जातील.

मग त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तुमच्यावर मी अजून चिडलेली आहे, ते नंतर. आधी हे बघा. पुसायच्या आधी मी त्या नकाशाची प्रत ठेवलीय. ही चिंचोळी जागा दिसते? सहा वर्षांपूर्वी फार वाईट नव्हती, म्हणून कुणी कळवलं नसेल. पण दर दोन वर्षांनी बघायला हवी होती. बोलावणं काकांच्या नावानं येत असणार."

येत होतं. हे मोबाइलवरचं बोलावणं उघडून न बघताच पुसून टाकायचे, पुन्हा बोगद्यात घालतील म्हणून.

"ही जागा तुमच्या दिरांच्या डोक्यात आहे. त्यांच्या नावावर कुठंच नाही. त्यांना बोलवा."

बोलवायची गरज नव्हती. भाऊजी फोन ठेवल्या ठेवल्या कचेरीतून निघाले होते. ऊन उतरायच्या आत दारात उभे. आत यावं की नाही, असं एक पाऊल उंबऱ्यावर. ह्यांनी मान वळवली. बराच वेळ बघितलं. ओठ हलले, शब्द सापडेना, घाम फुटला, आणि मग एकदम आलं: "शश्या."

भाऊजींनी पलंगाच्या कडेवर बसून ह्यांचा उजवा पंजा दोन्ही हातांत धरला, तो अर्धा तास सोडला नाही. केतकीचं नाव निघालं नाही, मांडवाचं निघालं नाही.

पुढचंही आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. भाऊजींची ती जागा गोळ्यांवर भागेल इतकीच निघाली. आरोग्य खात्यानं दोघांना सक्त ताकीद देऊन सोडलं, कारण चौकशी लागल्यावर बार्शी तालुक्यातले आणखी एकशे सात लोक आपणहून पुढं आले. कुणी मेव्हण्याला पाठवलं होतं, कुणी शेजाऱ्याला, एकानं तर आपल्या सासऱ्यांना. सगळ्यांवर खटले भरायचे तर कोर्ट पुरलं नसतं. नकाशे नव्यानं काढले गेले, आणि डॉक्टरबाई आता बोगद्याला भिणाऱ्यांना आधी झोपेची सुई देतात.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना तपासणीला न्यायला माणूस आला, तर ते खुर्चीतून उठेनात. "मला काही होत नाही. नंतर बघू. पुण्यात करीन."

"भाऊजी, वीस मिनिटांचं तर काम. मागं एकदा केलंय की तुम्ही."

भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? मागच्या वेळीही माझी पाचावर धारण बसली होती. आत डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणत होतो. पेवात आम्ही दोघंही पडलो होतो. दादा मोठा, म्हणून त्याचंच नाव झालं. त्याच्या खांद्यावर उभा राहून मी आधी बाहेर निघालो, तो आत राहिला अर्धा दिवस. मग त्याच्यासाठी एवढं नको का करायला?"

हे मला तेहेतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ना ह्यांनी, ना त्यांनी. मी पलंगाकडं बघितलं. हे जागे होते, सगळं ऐकत होते. डोळ्यांच्या कडा ओल्या झालेल्या. डॉक्टरबाई दारात पाटी घेऊन उभ्या. ह्यांनी उजवा हात चादरीतून वर काढला, थरथरत का होईना पण स्वतःचा स्वतः, आणि भाऊजींच्या पाठीवर ठेवला. तोंड वेडंवाकडं करून शब्द जुळवायला लागले. एक आला, थांबला. दुसरा आला. कालपासून ह्यांच्या तोंडून एक अख्खं वाक्य आलं नव्हतं.

"शश्या," हे म्हणाले, "भिऊ नगं. तुझ्या... जागी... मी जाऊ का?"

डॉक्टरबाईंनी दोघांकडं असं काही बघितलं, की भाऊजी मुकाट्यानं उठून बोगद्याकडं निघाले.